पाऊण पिच्चर

मारोत्या, तुझ्या मातीतून मी मधूनच उठून आलो. हे आधी सांगून टाकतो, मग बाकीचं.

बालाजीनं नुकताच अग्नी दिला होता. तुझं सगळं गणगोत उभं होतं, शिरड शहापूरचे पाहुणे होते, अर्धं कुरुंदा होतं. ऊन भाजून काढत होतं. सरण अजून नीट पेटलं बी नव्हतं आन् माझे पाय वळले. कुणाला काही बोललो न्हाई. धोतराचा सोगा धरला, गर्दीतून वाट काढली आन् चालू लागलो. बरं, घरी तरी जावं ना माणसानं? मी गेलो स्टँडवर. बाकड्यावर बसलो. थोड्या वेळानं वसमतची गाडी आली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "बाबा, कुठं जायचं?" तवा कुठं भान आलं. त्याला काय सांगू? "कुठंच न्हाई बा," म्हणलं. त्यानं घंटी मारली, गाडी गेली, आन् मी तिथंच बसून राहिलो.

गावानं आपापले अंदाज लावले. कुणी म्हणलं, दोस्ताचं दुःख सहन झालं न्हाई. कुणी म्हणलं, उन्हानं चक्कर आली असंल. तुझ्या बालाजीला काय वाटलं ते राख सावडायच्या दिवशी कळलं. पन्नाशीला आलेलं पोरगं, पण माझ्यासाठी लेकरूच ते. माझ्याकडं न बघताच म्हणला, "काका, दुसरं कुणी निघून गेलं असतं तर मी ध्यान बी दिलं नसतं. तुमी काहून निघालात?"

माझ्यापाशी जवाब होता, पण तो ऐकून त्यानं मला येड्यात काढलं असतं. चाळीस वर्षं आपण दोघांनी कोणताच खेळ शेवटपर्यंत बघितला न्हाई. शेवट जवळ आला की उठायचं आन् स्टँड गाठायचं. पायांना तेवढंच माहीत. पिच्चर कोणता आन् दोस्ताची माती कोणती, हे त्या बिचाऱ्यांना कुठं कळतंय?

तू असतास तर पोट धरून हसला असतास. "गंग्या, माझ्या मातीत बी पाऊणच पिच्चर बघितलास व्हय रे!" असं म्हणला असतास. म्हणायला तू न्हाईस, म्हणून मी हे लिहून राहिलो. लिहायची सवय न्हाई, बोटं आखडतात, दोन ओळी झाल्या की चष्मा काढून बसावं लागतं. थकलो रे मी. तुझ्या जाण्यानं नुसतं दुःख झालं असतं तर रडून मोकळा झालो असतो. हे थकणं वेगळं हाय. सकाळी उठलं की आज कुणाशी भांडायचं हेच सुचत न्हाई.

आपलं पिच्चरचं येड सुरू झालं तवा तू मेंढरांमागं होतास आन् मी पिठाच्या गिरणीत. बारा वाजेपर्यंत तुझी मेंढरं रानातून येत नव्हती, एक वाजेपर्यंत माझी गिरणी थांबत नव्हती. म्हणून वसमतच्या टॉकीजचा तीनचा खेळ तेवढा आपला. तो सुटायचा सहाला, आन् कुरुंद्याची शेवटची गाडी पावणेसहाला. पुरा खेळ बघायचा तर गाडी चुकवून पायी यायचं, आन् सकाळी मेंढरं काही तुझी झोप व्हायची वाट बघणार नव्हती.

घड्याळ तुझ्या हातात, सासऱ्यानं लग्नात दिलेलं. अंधारात त्याचे काटे हिरवे दिसायचे. साडेपाच झाले की तू माझा गुडघा दाबायचास. मी म्हणायचो, "थांब की दोन मिनिटं." तू म्हणायचास, "दोन मिनिटांत कुणाचं भलं झालंय? ऊठ." लोकांचे पाय तुडवत, शिव्या खात आपण बाहेर. बाहेर आलं की उजेडानं डोळे दिपायचे, आन् तसंच डोळे चोळत स्टँडकडं पळायचं.

गाडीत बसलं की खरी मजा. उरलेला पाव हिस्सा आपला आपण तयार करायचा. तुझ्या शेवटात कुणी मरायचं न्हाई, माझ्या शेवटात कुणी वाचायचं न्हाई. व्हिलनला सुद्धा तू सुधारून घरजावई करायचास. मी म्हणायचो, "मारोत्या, अरे त्यानं तीन खून केलेत." तू म्हणायचास, "मग? माणूस हाय, चुकतो." मागच्या शिटावरचे लोक बी मधी पडायचे. कुरुंदा येईपर्यंत चार शेवट तयार. गावानं आपल्याला नावच ठेवलं, पाऊण पिच्चर. आपण दोघं रस्त्यानं निघालो की पारावरची मंडळी म्हणायची, "आली बघा पाऊण पिच्चरची जोडी." आपल्याला राग यायचा न्हाई, उलट जरा छातीच फुगायची.

पुढं बालाजीनं फटफटी घेतली. आता गाडीची फिकीर न्हाई, सातला निघालं तरी चालतंय. पहिल्याच खेळाला साडेपाच वाजले, तू गुडघा दाबलास, मी उठलो. बाहेर येऊन फटफटीपाशी उभे राहिलो तवा दोघांना बी कळलं. तू म्हणलास, "आता परत आत जाऊन काय तोंड दाखवायचं?" तिथंच उभ्यानं हसत बसलो आपण. मग ते कायमचंच झालं. गोंधळ असो, भारूड असो, सप्त्यातलं कीर्तन असो, आरतीच्या आधी आपण मांडवाच्या बाहेर. तुझी सोजर, माझी वैनी, त्या बोंबलायच्या, "देवाचं तरी पुरं ऐकत जा." तू म्हणायचास, "देवाचं पुरं कुणाला ऐकू आलंय?" वैनी कपाळाला हात लावून आत जायच्या.

पण एक पिच्चर आपल्या मानगुटीवरून उतरलाच न्हाई. नाव दोघांच्या बी ध्यानात राहिलं न्हाई, गोष्ट राहिली. तेलाचा घाणा असलेला म्हातारा. त्याची एकुलती एक पोरगी त्याच्या मनाविरुद्ध लग्न करून निघून जाती. म्हातारा तिचं नाव टाकतो, गावाला सांगतो, माझी पोरगी मेली. बरीच वर्षं जातात. एक दिवस भर दुपारी ती कडेवर लेकरू घेऊन दारात येती. हाक मारत न्हाई, नुसती कडी वाजवती. आत म्हातारा घाण्याचा बैल थांबवतो. उठतो. दारापाशी येतो. कडीवर हात ठेवतो. पडद्यावर तेवढा एक हातच दिसून राहिला होता, तेलानं काळा झालेला. आन् तू माझा गुडघा दाबलास.

त्या दिवशी गाडी अर्धा तास उशिरा आली. आठवतं? स्टँडवर उभं राहून तू स्वतःच्याच घड्याळाला शिव्या घातल्यास.

"उघडतो," तू म्हणलास.

"न्हाई उघडत," मी म्हणलो.

"अरे, कडीवर हात ठेवला म्हंजे अर्धं दार उघडलंच की."

"हात ठेवला तो कडी पक्की बसलीय का न्हाई ते बघायला."

तिथून जे सुरू झालं ते चाळीस वर्षं चाललं. दुसऱ्यांदा तिकीट काढून शेवट बघून यावं, असं एकदा बी वाटलं न्हाई. वाटलं असंल तरी कुणी बोललं न्हाई. गावात काही झालं की तो म्हातारा मधी यायचा. कुणी भावाशी अबोला सोडला की तू म्हणायचास, "बघ, उघडतो माणूस." कुणी बांधावरून डोकी फोडली की मी म्हणायचो, "बघ, न्हाई उघडत."

टॉकीज कवाच बंद पडली. तिथं आता हळदीची पोती ठेवतात. एकदा आपण मुद्दाम बघायला गेलो होतो. तू आत डोकावून म्हणलास, "आपली खुर्ची तिकडं, त्या चौथ्या थप्पीपाशी व्हती." हळदीच्या धुराळ्यानं दोघं खोकत बाहेर आलो. त्यानंतर आपला खेळ म्हंजे जवळा बाजार गावचा आठवडी बाजार. बाजारच्या दिवशी अर्ध्या तिकिटात निघायचं, वैनींनी सांगितलेली कोथिंबीर विसरायची, आन् बकऱ्यांच्या बाजारासमोरच्या हॉटेलात बाकडं धरून बसायचं. भजे, वरून चहा. भजे खाऊ नका म्हणून डॉक्टरनं दोघांना बी बजावलं होतं. तू म्हणायचास, "एकमेकाला सांगायचं न्हाई, म्हंजे खाल्ल्यासारखं होत न्हाई." समोर बकऱ्यांचा सौदा चालायचा आन् तू इथून बसल्याबसल्या सांगायचास, ही दुधाची न्हाई, ही मारकी हाय, आन् ती बघ, हिरोइनसारखी मुरडत चालून राहिली.

मग टीव्हीवरच्या सिरियली. मला त्यांचा भारी तिटकारा. मी म्हणायचो, "त्या सासवा झोपताना बी अंगभर दागिने घालून कशा झोपतात? टोचत न्हाई का?" तू म्हणायचास, "तुला दागिने दिसले, मला तिचं दुःख दिसलं." "कसलं दुःख? तीन वर्षं झाली, तिचा नवरा बेशुद्धच पडलेला हाय." "म्हणूनच तर चांगली सिरियल हाय ती. शेवटच न्हाई, आपल्याला उठायची तकलीफ न्हाई." मोबाईलवरचे ते अर्ध्या मिनिटाचे तुकडे आले तवा तू चार-पाच बघितलेस आन् मोबाईल परत दिलास. "ह्याला नुसता शेवटच हाय रे गंग्या. मागचं पाऊण कुठं गेलं?" हॉटेलातले सगळे हसले. मला मात्र ते तुझं बोलणं लई बराबर वाटलं होतं. तवा बोललो न्हाई, तुला चढवून ठेवायला नको म्हणून.

आन् सप्त्यातल्या एका कीर्तनकारावरून आपला पंधरा दिवस अबोला झाला होता. मी म्हणलो, "अभंग दोन आन् चुटके वीस, हे काय कीर्तन हाय?" तू म्हणलास, "माणूस हसून घरी गेला तर देवाचं काय बिघडतंय?" मी म्हणलो, "तुला अक्कल न्हाई." हे नको होतं म्हणायला. पंधराव्या दिवशी तू गिरणीवर आलास, पीठ दळायचं नसताना रिकामं पोतं घेऊन. मी ते पोतं घेतलं, झटकलं, घडी करून परत दिलं. तू म्हणलास, "दळण झालं का?" मी म्हणलो, "झालं." आन् आपण चहाला गेलो. माफी दोघांनी बी मागितली न्हाई. तुझं ते रिकामं पोतं मला पुरलं.

आता एक सांगतो, ते मी तुझ्यासमोर कधीच बोललो न्हाई. माझी बायको गेली तवा सगळं गाव येऊन धीर देऊन गेलं. आत्मा अमर हाय, जे झालं ते झालं, सगळे तेच. तू काहीच बोलला न्हाईस. रोज यायचास, ओट्यावर बसायचास, जायचास. महिना झाला. मग एका बाजारच्या दिवशी आलास आन् म्हणलास, "चल, गाडी यायचा टाईम झाला." मी म्हणलो, "मला न्हाई यायचं." तू माझ्या चपला हातात घेऊन पुढं चालू लागलास. अनवाणी किती वेळ उभा राहणार? आलो मागं. गाडीत बसल्यावर तू खिडकीतून बाहेर बघत एकदम म्हणलास, "गंग्या, मी लई इचार केला. तूच बराबर हाय. म्हातारा दार उघडत न्हाई."

मला काय झालं कुणास ठाऊक. माझं अंगच पेटलं. मी म्हणलो, "काहून न्हाई उघडत? बाप हाय तो! पोटची पोर दारात उभी हाय!" तू म्हणलास, "न्हाई उघडत." मी म्हणलो, "उघडतो!" भर गाडीत मी ओरडून राहिलो होतो, आन् ओरडता ओरडता रडून राहिलो होतो. महिनाभरात पहिल्यांदा रडलो. तू तसाच बाहेर बघत बसलास. जवळा बाजार आलं तवा तुझा शेला माझ्याकडं सरकवलास. येताना गाडीत बसल्याबरोबर मी म्हणलो, "न्हाई उघडत." तू म्हणलास, "उघडतो." आपली आपली जागा परत धरली आपण. उपकार मोठे हायेत तुझे, मारोत्या. तू जिवंत असताना हे बोललो असतो तर तू उठून गेला असतास.

आन् अशा माणसाला मी काय दिलं? ऐक.

आठ वर्षांमागं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला नांदेडला पोरीकडं गेलो होतो. एका डोळ्यावर हिरवं फडकं. दुपारी पोरीनं टीव्ही लावून दिला आन् ती कामाला लागली. पडद्यावर घाणा फिरून राहिला होता. आधी वाटलं, डोळ्यातल्या औषधाचा गुण. मग तो म्हातारा दिसला. मारोत्या, तोच पिच्चर! साडेपाचची जागा आली, कडीवर हात आला, माझा गुडघा आपोआप दुखल्यागत झाला. मी उठायला गेलो, खरंच उठायला गेलो. पण कुठं जाणार? स्टँड न्हाई, गाडी न्हाई, तू न्हाई. बसलो. एका डोळ्यानं शेवट बघितला.

कवा एकदा तुला सांगतो असं झालं होतं. पुढच्या बाजारला हॉटेलात बसलो, भजे आले, आन् तूच म्हणलास, "काय गंगाधरराव, डोळा नवा बसवला, आता तरी दिसतंय का, उघडतो ते?" मी तोंड उघडलं. आन् तुझ्याकडं बघितलं. किती खुशीत बसला होतास, बाह्या सावरून, भांडायच्या तयारीनं. माझ्या तोंडातून निघालं, "न्हाई उघडत."

तवा माझा इचार असा झाला की, हे सांगितलं तर येताना गाडीत बोलायचं काय? आपल्यापाशी बाकी काय राहिलं होतं? तुझी शुगर, माझे गुडघे, कोण गेलं, कोण जायच्या वाटेवर हाय. ते एक भांडण तेवढं म्हातारं झालं नव्हतं. ते मी कसं मारू? म्हणून दडवलं. आठ वर्षं दडवलं.

आन् मग तो शेवटचा दिवस. दवाखान्यातून तुला घरी आणलं होतं, आता घरीच सेवा करा म्हणून. दुपारी आलो तर तू बाजेवर, उशीला टेकून. श्वास लागला होता. तरी मला बघून बाजेवर हात थोपटलास, बस म्हणून. मी टेकलो. मग म्हणलास, "गंग्या, एक खरं सांगशील? तू तो शेवट बघितलाय ना?"

"न्हाई बा. मी कुठं बघणार?"

"उगं न्हाई म्हणू नको."

"न्हाई बघितला म्हणतो ना."

तू माझ्याकडं बघत राहिलास. मग म्हणलास, "बरं. मग उघडतोच तो." मी म्हणलो, "न्हाई उघडत." तू डोळे मिटलेस आन् म्हणलास, "उद्या ये. उद्या भांडू." मला वाटलं, भांडण शिल्लक हाय म्हंजे तू थांबशील. असं येड्यासारखं वाटलं मला, खरंच सांगतो. शाळेच्या कोपऱ्यापर्यंत आलो आन् जिवाला लागलं, परत जावं, सांगून टाकावं. पण गुडघे ठणकून राहिले होते. शंभर पावलं माघारी चालायचं जिवावर आलं. म्हणलं, उद्या जायचंच हाय. सकाळी दार वाजलं, बालाजीचा निरोप आला.

शंभर पावलं, मारोत्या. त्याच पायांनी मला तुझ्या मातीतून बी उठवून नेलं. त्या पायांचा आता राग बी येत न्हाई, कंटाळा येतो नुसता.

आज तुझा दहावा झाला. सकाळी ओढ्यावर सगळे जमले. बालाजीनं मुंडन केलं, पिंड ठेवले. शेजारी भजे ठेवले होते, चहा ठेवला होता. लिंबाच्या झाडावर तीन कावळे, आन् एक बी खाली येईना. अर्धा तास गेला. बालाजी म्हणला, "बाबा, आईला काही कमी पडू देणार न्हाई." कावळे जागचे हलले न्हाईत. "मेंढरं इकणार न्हाई." न्हाई. जावई म्हणला, नात शिकंल तितकी शिकवू. न्हाई. तुझे भाऊबंद एकमेकाकडं बघू लागले, कुणाचं काय राहिलंय म्हणून. ऊन वर आलं. महाराज म्हणले, "आता दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ."

मी म्हणलो, "थांबा."

गुडघ्यावर हात देऊन उठलो, पिंडापाशी गेलो. तुला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं म्हणून मोठ्यानं बोललो. "मारोत्या, मी खोटं बोललो. तो पिच्चर मी बघितलाय. नांदेडला बघितलाय." सगळे माझ्याकडं बघून राहिले. मागं कुणीतरी म्हणलं, गंगाधररावाचं डोकं फिरलं. फिरू दे. "आता ऐक. पोरगी दारात आली. कडी वाजवली. म्हाताऱ्यानं घाणा थांबवला. उठला. दारापाशी आला. कडीवर हात ठेवला. आन् मग..."

फडफड झाली. कावळा आला, पिंडाला चोच मारली, शेजारचं भजं उचललं आन् गेला लिंबापल्याड. "शिवला! कावळा शिवला!" सगळ्यांनी हात जोडले, लोक उठायला लागले. आन् मी तिथंच 'मग' वर अडकून उभा.

मला हसू आलं रे. दहाव्याच्या जागी उभा राहून मी खदखदा हसलो. नालायका, मेल्यावर बी शेवटापर्यंत थांबला न्हाईस! भजं घेऊन निघालास! बालाजी माझ्याजवळ आला. गोटा केलेलं डोकं, डोळे लाल. माझ्या तोंडाकडं बघत होता, आन् बघता बघता त्याला काहीतरी उमगलं. लहानपणापासून पाऊण पिच्चर, पाऊण पिच्चर ऐकत मोठं झालेलं पोरगं ते. "काका," तो म्हणला, "म्हणून त्या दिवशी स्टँडकडं गेलात व्हय?" मी मान हलवली. त्यानं माझा दंड धरला. मग आम्ही दोघं बसलो. लोक गेले, महाराज गेले, भांडी घासून झाली, चटया गुंडाळल्या. मी शेवटपर्यंत बसलो. मला माहीतच नव्हतं, सगळं संपल्यावर माणसं काय करतात ते. काही करत न्हाईत. चपला शोधतात.

तुझ्या घरी आलो तर वैनी ओट्यावर बसल्या होत्या. बालाजीनं त्यांना सांगितलं होतं.

"भावजी, तुमी म्हणं पिच्चरची कहाणी सांगितली."

"व्हय, वैनी. पुरी झाली न्हाई."

"मंग उघडलं का दार?"

चाळीस वर्षं त्या माउलीनं आपलं भांडण आतून ऐकलं, आन् इचारलं आज. मी म्हणलो, "उघडलं."

त्या पदरानं तोंड पुसून म्हणल्या, "त्यांना ठाऊक व्हतं."

"काय ठाऊक व्हतं?"

"तुमी बघून आलात ते. नांदेडहून आल्यापासून म्हणायचे, गंग्या आता पयल्यासारखा चिडत न्हाई, बोलायला म्हणून बोलतो. त्यानं बघितलंय, आन् मी बराबर हाय. बघू म्हणे, कवा सांगतो."

"मग मला इचारलं काहून, वैनी?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं," त्या म्हणल्या. "दुसरं काय."

मला वाटत होतं, मी तुझ्यासाठी भांडण जपून ठेवलंय. आन् तू आठ वर्षं माझ्यासाठी जिंकून बी न जिंकल्यासारखं करून राहिला होतास. एवढंच मागितलंस शेवटी, की एकदा म्हण. मी न्हाई म्हणलो. फुकटचं न्हाई म्हणलो.

तर आता बस जरा. गाडी गेली, तुझं घड्याळ बालाजीच्या हातात हाय, आन् माझा गुडघा दाबायला तू न्हाईस. पुरं ऐकून जा.

म्हातारा कडी काढतो. दार उघडतो. पोरगी उंबऱ्याबाहेर तशीच उभी. तो तिच्या कडेवरचं लेकरू घेतो, हात तेलकट हायेत म्हणून आधी धोतराला पुसतो, मग घेतो. पोरगी आत येती. बैल आपला आपणच चालू लागतो, आन् घाणा परत फिरायला लागतो. बस्स. तो पिच्चर आखूडच होता, आपण उठल्यावर चारच मिनिटांचा राहिला होता.

तू बराबर होतास, मारोत्या. पहिल्या दिवसापासून तूच बराबर होतास.